पुढच्या मजल्याची सोय

उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा एक गुंठा. सेंटिनेल-२ हे युरोपचे उपग्रह १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद जमीन एका ठिपक्यात टिपतात, आणि आपला गुंठा भरतो १०१ चौरस मीटर. एकराचे ४० ठिपके. हे मला माझ्या भाचीनं दाखवलं, माझ्याच जुन्या, कमी मेमरीच्या लॅपटॉपवर. ती परभणीत माझ्याकडं राहून कृषी विद्यापीठात शिकते. सोयाबीन कुठं पिवळं पडायला लागलंय हे वरून किती लवकर ओळखता येईल, हा तिच्या प्रकल्पाचा विषय. माझे वडील, अण्णा, गावाकडून आले होते तेव्हा तिनं त्यांना आपलं शेत पडद्यावर काढून दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "आन् बांध कोन्च्या ठिपक्यात धरलाय मग?" प्रश्न नेमका होता. बांधावरच्या ठिपक्यात थोडं आपलं शेत येतं, थोडं शेजाऱ्याचं, आणि बांधाला तूर लावलेली असली तर तीही मिसळते. तिच्या प्रकल्पातलं सगळ्यात किचकट काम या बांधावरच्या ठिपक्यांचंच आहे.

आता या ठिपक्यांचा हिशेब मांडू. चित्र ज्या चौकोनी तुकड्यात मिळतं त्याची एक बाजू १०,९८० ठिपक्यांची असते. एका तुकड्यात १२ कोटी ठिपके झाले. क्षेत्रफळानं परभणी जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात, तेव्हा एका रंगाचा थर २४ कोटी बाइटांचा. पिकाची तब्येत पाहायला किमान दोन थर हवेत, एक तांबड्या प्रकाशाचा आणि एक डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्ताचा. हिरवंगार पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि अवरक्त परत फेकतं. पान पिवळं पडायला लागलं की दोन्हींतला फरक घटतो. त्या दोन थरांची वजाबाकी करायची, तिला त्यांच्या बेरजेनं भागायचं, आणि उत्तर दशांशात साठवायचं, तर उत्तराचा थर दुप्पट जागा घेतो. हे झालं एका तारखेचं. दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी त्याच रानावरून जातात. ढगाळ तारखा सोडल्या तरी पेरणीपासून काढणीपर्यंत थरांचा ढीग साचतो. नकाशाचं सॉफ्टवेअर सगळं एकदम मेमरीत, म्हणजे चालू काम ठेवायच्या जागेत (रॅममध्ये), घेत नाही, तुकड्या-तुकड्यानं वाचतं, हे खरं. तरीपण ४ जीबी मेमरीत विंडोज, ब्राउझर, तिचा अहवाल आणि हे नकाशे एकत्र नांदवणं कठीण होतं. पडदा थिजायचा, पोर बाण हलायची वाट पाहत बसायची, आणि कधी कधी पूर्ण संध्याकाळचं काम न साठवताच बंद पडायचं.

तिच्या हातातला लॅपटॉप माझाच. २०१४च्या जानेवारीत घेतलेला. त्या हंगामाचा कापूस मानवतच्या बाजारात गेला, पट्टी झाली, आणि अण्णांनी त्यातले पैसे वेगळे काढून माझ्या हातावर ठेवले. मी तेव्हा बीएड करत होते. परभणीत स्टेशन रोडच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. ८ जीबीचा भाव ऐकून अण्णा गप्प झाले. दुकानदार समजदार होता. म्हणाला, "काका, आत्ता चारचाच घ्या. खाली मेमरी बसवायचा एक स्लॉट रिकामा हाय. पुढच्या सुगीला या, अजून चार टाकून देतो." अण्णांना ते एकदम पटलं.

पण फेब्रुवारीच्या शेवटी गारपीट सुरू झाली, ती मार्चच्या मध्यापर्यंत थांबली नाही. ज्वारी, गहू, हरभरा, मोसंबीच्या बागा, सगळं आडवं झालं. त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली, २०१५लाही तेच. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं. त्या वर्षांत लॅपटॉपमधला रिकामा स्लॉट कुणाच्या ध्यानात राहणार? मी त्याच यंत्रावर बीएड पुरं केलं, नोकरीचे अर्ज भरले, कोरोनात शाळेचे ऑनलाइन वर्ग घेतले. जुनी हार्ड डिस्क खरडायला लागली तेव्हा तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क, बसवून घेतली. मेमरी तशीच राहिली, ४ जीबीवर.

मराठवाड्यातल्या कुठल्याही गावात उंचावर उभं राहून पाहा. घरांच्या स्लॅबवर खांबांच्या सळया आभाळाकडं तोंड करून उभ्या दिसतात. गंज चढू नये म्हणून कुणी त्यांना सिमेंट फासतं, कुणी रिकाम्या बाटल्या उपड्या घालतं. बाहेरून आलेला माणूस त्याला अर्धवट घर म्हणतो. मला ते बोलणं कधीच आवडलेलं नाही. खालचा मजला पुरा झालेला असतो, त्यात लेकरं शिकलेली असतात, लेकींची लग्नं लागलेली असतात. सळया सोडणाऱ्यानं आपला पैसा कसा येतो हे नीट ओळखलेलं असतं. तो एकदम येत नाही. एक वर्ष येतो, दोन वर्षं येत नाही, आणि जेव्हा येतो तेव्हा खालचं न पाडता वर चढवता आलं पाहिजे. लॅपटॉपमधला दुसरा स्लॉट म्हणजे या सळया आहेत. महिन्याच्या एक तारखेला ठरलेला पगार येणाऱ्या घराला त्यांची किंमत कदाचित जाणवणार नाही. कापूस-सोयाबीनवर चालणाऱ्या घराला सगळं पहिल्याच दिवशी घेणं परवडत नाही. आज घेतलेलं उद्या वाढवता येत असेल, तरच त्या घरातल्या मुलीला आज काहीतरी घेता येतं.

ओळखीतले बरेच जण सांगायचे, एसएसडी आहे ना, मग मेमरी कशाला? हा सल्ला अर्धा बरोबर आहे. मेमरी भरली की विंडोज तिच्यातला सध्या न लागणारा भाग डिस्कवर नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. मेमरीतून एखादी गोष्ट आणायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फिरत्या हार्ड डिस्कला त्याच कामाला १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे लाखपट. चांगली एसएसडी हे अंतर हजारपटीवर आणते. लाखाचं हजारावर आलं याचा फरक मोठा पडतो, म्हणून फिरती डिस्क असलेल्या कुणीही विचारलं तर मी आधी एसएसडीच बसवायला सांगते. यंत्र लवकर उघडतं, फाइल चटकन समोर येते. पण हजारपट हेसुद्धा हजारपटच असतं. एका वेळी चार कामं उघडी ठेवायची असतील तर ती ठेवायला जागाच लागते, आणि ती जागा डिस्क देऊ शकत नाही. भाचीनं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, तेव्हा मेमरीचा आकडा नव्वदीच्या वर होता आणि डिस्क शंभराला टेकलेली. दुखणं कुठं आहे ते तिथंच कळलं. मेमरीच्या त्याच पानावर खाली बारीक अक्षरात होतं: वापरलेले स्लॉट, दोनपैकी एक.

मेमरी विकत घेण्याआधी आतल्या जुन्या स्टिकवरचं, म्हणजे मेमरीच्या पट्टीवरचं, लेबल वाचावं. आमच्या स्टिकवर पीसी३एल-१२८००एस असं छापलेलं होतं. यातल्या तीनचा अर्थ मेमरीची डीडीआर३ ही पिढी. २००७ साली तिचं मानक ठरलं. पुढं २०१२ला डीडीआर४चं आणि २०२०ला डीडीआर५चं आलं. एका पिढीची स्टिक दुसरीच्या स्लॉटमध्ये जात नाही, कारण खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते आणि पिनाही वेगळ्या: लॅपटॉपच्या डीडीआर३ला २०४, डीडीआर४ला २६०. १२८०० हा वेग आहे, सेकंदाला १२,८०० मेगाबाइट. शेवटचा एस म्हणजे लॅपटॉपची आखूड स्टिक. आणि तीनच्या पुढचा एल सगळ्यात महत्त्वाचा. साधी डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, एलवाली १.३५ व्होल्टवर. दोघींची खाच एकाच जागी असते, त्यामुळं साधी स्टिक एलच्या स्लॉटमध्ये नीट बसते, पण इंटेलच्या चौथ्या पिढीचा कमी विजेचा प्रोसेसर, जो २०१३नंतरच्या पुष्कळ लॅपटॉपांत आला, तिला चालवून घेत नाही. पडदा काळाच राहतो आणि माणसाला वाटतं लॅपटॉप गेला.

दुरुस्तीवाल्या भाईंनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं. स्टेशन रोडच्या बोळात त्यांची टपरीएवढी जागा आहे. समोर उघडे बोर्ड, वर भिंगाचा दिवा. लॅपटॉप उलटा करून मॉडेल वाचलं आणि म्हणाले, "इसमें एल वाली लगती, मॅडम. बिना एल की कोई फुकट में दिया तो भी मत लेना." ही पिढी आता नव्यानं फारशी बनत नाही. भाईंकडच्या स्टिका मोठ्या शहरांतल्या कंपन्यांनी काढून टाकलेल्या लॅपटॉपांतून आलेल्या असतात. त्यांनी एक ८ जीबीची काढली, सोनेरी पिनांवरून शाळेतल्या पोरांचं पांढरं खोडरबर हलक्या हातानं फिरवलं, आपल्याकडच्या एका यंत्रात लावून चालवून दाखवली, आणि महिनाभरात काही झालं तर बदलून देईन म्हणाले. दोन हजारांच्या आत काम झालं. नवा लॅपटॉप घ्यायचा तर निदान त्याच्या वीसपट मोजावे लागले असते.

बसवायचं काम मात्र भाचीनं घरी करायचं असं आमचं ठरलं होतं. मला तिच्या हातानं ते व्हायला हवं होतं. शेतात मोटार बंद पडली तर अण्णा स्वतः स्टार्टर उघडून बसतात, ट्रॅक्टरचं फिल्टर भाऊ स्वतः बदलतो. घरातल्या लेकीनं आपल्या कामाच्या यंत्राला भ्यावं हे मला मान्य नाही. तिनं चार्जर काढला, बॅटरी काढली, आत उरलीसुरली वीज जावी म्हणून चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं. हिवाळा होता. आमच्याकडं थंडीत हवा इतकी कोरडी होते की रात्री अंगावरचं ब्लँकेट ओढलं तरी ठिणग्या दिसतात, आणि आपल्या बोटाला जाणवतही नाही एवढी ठिणगी मेमरीची चिप मारू शकते. म्हणून आधी लोखंडी खिडकीच्या गजाला हात लावायचा, स्टिक कडांना धरायची, पिनांना बोट लावायचं नाही. खालचं झाकण दोन स्क्रूंचं होतं. आत काळ्या मातीची बारीक भुकटी आणि कापसाचे तंतू. ते तिनं मऊ ब्रशनं काढलं. मग स्टिक तिरपी, साधारण तीस अंशांत धरून स्लॉटमध्ये सरकवली. पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत ती आत गेली पाहिजे. नंतर वरून दाबली की दोन्ही बाजूंचे चिमटे आपसूक कट् आवाज करून बसतात. आवाज एकाच बाजूनं आला तर काढून पुन्हा.

हातात होती तेव्हा मी ती स्टिक उजेडात धरून पाहिली होती. बोटभर लांबीच्या त्या हिरव्या तुकड्यावर ६,८७१ कोटींहून जास्त कप्पे आहेत, आणि प्रत्येक कप्प्यात विजेची वाट उघडणारा-मिटणारा एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा भार साठवणारा एक कपॅसिटर, एवढंच. ही एवढी साधी रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली सुचली, पेटंट १९६८चं. १९७०मध्ये इंटेलनं ११०३ नावाची चिप बाजारात आणली, तिच्यात १,०२४ कप्पे होते. कपॅसिटरमध्ये भार आहे की नाही, यावरून एक किंवा शून्य ठरतं. पण तो भार टिकत नाही, सारखा गळत असतो. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचायची आणि पुन्हा भरून ठेवायची, हे काम यंत्र चालू असेपर्यंत अखंड चालतं. चिप तापली की भार लवकर गळतो. चिपचं तापमान ८५ अंशांपुढं गेलं तर हीच फेरी ३२ मिलिसेकंदांत उरकावी लागते. मे महिन्यात परभणीचा पारा ४३-४४ला पोचतो. त्या दिवसांत पंख्याच्या जाळीत कापसाचे तंतू अडकलेला लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये, हे मी भाचीला पुन्हा पुन्हा सांगत असते. आम्ही मेमरी घातली त्याच दिवशी तो पंखाही साफ केला.

जुने ४ आणि नवे ८ मिळून १२ झाले. दोन स्टिका सारख्या असल्या तर प्रोसेसर दोन वाटांनी एकाच वेळी वाचतो. आकार वेगळे असले तर इंटेलच्या या यंत्रांत जेवढा भाग जुळतो तेवढा दोन वाटांनी चालतो आणि उरलेला एका वाटेनं. वेगळी ग्राफिक्स चिप नसलेल्या यंत्राला याचा चांगला फायदा होतो, कारण पडद्यावर चित्र काढायला लागणारी मेमरी ते याच मेमरीतून उसनी घेतं. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला. ही चाचणी प्रत्येक कप्प्यात लिहून, परत वाचून पाहते. जुन्या यंत्रातून आलेली स्टिक असेल तर ही रात्र घालवावीच, कारण बिघडलेला एक कप्पा महिनाभर गप्प बसून मग प्रकल्पाच्या फाइलीतला एखादा आकडा बदलून टाकू शकतो. सकाळी एकही चूक निघाली नव्हती.

विंडोजचं काय, हा प्रश्न उरलाच. विंडोज १०ला सुरक्षेची नेहमीची दुरुस्ती देणं १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं, आणि विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. १२ जीबी घालूनही आमचा प्रोसेसर चौथ्या पिढीचाच. तेव्हा विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकली. नकाशाचं तिचं सॉफ्टवेअर, क्यूजीआयएस, मोफतच आहे आणि लिनक्सवर उत्तम चालतं. मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमध्ये जोडला की झालं. आता ती हंगामातल्या बऱ्याच तारखा एकाखाली एक लावून गावचं शिवार सरकवत पाहते. दुधना नदीकाठच्या सोयाबीनचा रंग पंधरवड्या-पंधरवड्यानं कसा उतरला ते मलाही दाखवते. तिचे डोळे तेव्हा जसे चमकतात ते पाहून मला फार बरं वाटतं.

मला राग येतो तो नव्या लॅपटॉपांचा. दुकानात आता जे पातळ, चकचकीत लॅपटॉप मांडलेले असतात त्यांतल्या पुष्कळांत मेमरी बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची डाग देऊन जोडलेली असते. ८ जीबीचा घेतला तर तो मरेपर्यंत ८ जीबीचाच. कंपन्यांची बाजू मी समजून घेतलेली आहे आणि ती खोटी नाही: सोल्डर केलेली मेमरी कमी वीज खाते, जाडी वाचते, आणि तारांचं अंतर कमी झाल्यानं वेग वाढवता येतो. पण याचा अर्थ घेणाऱ्यानं पुढच्या सहा-सात वर्षांची गरज पहिल्याच दिवशी ओळखायची आणि पैसेही त्याच दिवशी मोजायचे. ज्या घरात जुलैत पेरलेलं ऑक्टोबरात हाती येईल का हे माहीत नसतं, त्या घराकडून ही अपेक्षा आहे. मग ते घर एकतर हप्त्यांत अडकतं, किंवा मुलीसाठी कमी मेमरीचा घेतं आणि तीन वर्षांत तो भंगारात जातो.

दुसरा मार्ग नाही असंही नाही. मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेनं २०२३च्या डिसेंबरमध्ये कॅम-२ नावाचं मानक प्रसिद्ध केलं. त्यात पातळ, कमी वीज खाणारी मेमरीसुद्धा स्क्रूनं बसवता-काढता येते, आणि २०२४मध्ये तशी मेमरी असलेला लॅपटॉप बाजारात आलाही. पातळपणा आणि बदलण्याची सोय एकत्र नांदू शकतात. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक खात्यानं २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात निवडलेल्या क्षेत्रांत मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स आहे आणि शेतीची अवजारंही आहेत. ही दोन्ही एका यादीत आली याचा मला आनंद झाला. दुरुस्तीच्या हक्कावर बोलताना शहरातली माणसं फोनच्या बॅटरीवर थांबतात. माझी मागणी अशी आहे की लॅपटॉपच्या खोक्यावर मेमरी किती आहे त्याच्याच शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, ती वाढवता येते का आणि कुठवर, हेही छापलेलं असावं.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. त्याच्या पोराला नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, दोघं दुकानात उभे होते. "दोन काढलेत समोर. एक लई पातळ हाय, १६चा. दुसरा जरा जाड हाय, ८चा. दुकानदार पातळच घ्या म्हणायलाय, हप्ते करून देतो म्हणतोय. काय करू?"

"जाडात मेमरीचा रिकामा स्लॉट आहे का ते विचार. नुसतं हो म्हणाला तर ऐकू नको, मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर दाखवायला सांग."

थोड्या वेळानं पोरानंच फोन घेतला. "आत्या, ८ बोर्डावर चिकटवलेलं हाय आन् एक स्लॉट मोकळा हाय. चोवीसपर्यंत जातंय."

"मग तोच घ्या. हप्ते नकोत."

मेमरीचे भाव २०२५च्या उत्तरार्धापासून चढलेले आहेत, एआयच्या सर्व्हरांनी जगभरातली चिप ओढून घेतल्यामुळं. आत्ताच दुसरी स्टिक घ्यायची घाई नाही. पहिल्या वर्षाला पोराचं आठवर भागेल. दादाला तेवढं एक करायला लावलं: दुकानदाराकडून बिलावरच लिहून घेतलं, डीडीआर४, वेग ३२००, एक स्लॉट रिकामा.